काळी कोणाशी बोलत होती

गल्लीत तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन खात्यातून ती निवृत्त झाली त्याला आता दहा वर्षं झाली होती, बोर्ड आणि दोऱ्या कधीच्या भंगारात गेल्या होत्या, पण नाव काही सुटलं नाही. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी तो रडून आलाय की पळत आलाय हे तिला कळायचं. घरात दोन खोल्यांपलीकडे दुधाचं पातेलं उतू जायला आलं की ती बसल्या जागेवरून सुनेला हाक मारायची. सून म्हणायची, "आई, तुमच्यापुढे कुजबुजायचीसुद्धा सोय नाही." आता डाव्या कानाला यंत्र आलं होतं. उजवा मात्र अजून शाबूत होता.

कोंबड्या आल्या त्या नवरा गेल्यानंतर. मुलगा नोकरीपायी आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी, सून शिलाईच्या मशीनवर, तीन वर्षांची नात दुपारी झोपलेली. अशा दुपारी घर इतकं गप्प व्हायचं की बाईला स्वतःच्या यंत्राची शिट्टी ऐकू यायची. मुलाच्या ओळखीतल्या कोणीतरी चार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक कोंबडा दिला. "सांभाळा, नाहीतर सुरी लावा," असं सांगून. बाईंनी सांभाळल्या. परसात विटांचं खुराडं बांधून घेतलं, दाराला मुंगसाच्या भीतीने जाळी ठोकली, आणि सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी मोजून बंद करायचं हा नेम धरला. दिवसभर कोंबड्या मोकळ्या. परस मोठं होतं; लिंबाचं झाड, पलीकडे कपडे वाळत घालायची तार, तिच्या दोन टोकांना दोन लोखंडी खांब आणि मागे भिंत.

महिन्याभरात तिला त्यांची भाषा यायला लागली. घार दिसली की कोंबडा एक लांब, घसा दाबल्यासारखा सूर काढायचा आणि सगळ्या जागच्या जागी दगड व्हायच्या. मांजर दिसलं की वेगळा आवाज, तुटक, तक्रारीचा. किडा सापडला की बाकीच्यांना बोलावण्याचा वेगळा. "हे आपल्या एक्सचेंजसारखंच आहे गं," ती सुनेला म्हणाली. "सगळ्या एकदम बोलतात, पण लाइनी गुंतत नाहीत."

चौघींतली काळी तिची लाडकी. अंगाने लहान, डोळ्याने तिखट, कोणाला न जुमानणारी. त्या वर्षी काळी खुडूक बसली.

पहिल्यांदाच बसली होती, त्यामुळे बाईंना आधी वाटलं आजारी आहे. खुराड्याच्या कोपऱ्यात भाकरीसारखी पसरून बसलेली, पिसं फुलवलेली, छातीखालची पिसं स्वतःच उपटून अंथरलेली. हात घातला तर गुरगुरली आणि मनगटाला चोच मारली. दिवसातून एकदा, दुपारी, उठायची. घाईघाईने दाणे टिपायची, पाणी प्यायची, एकदाच भलीमोठी घाण करायची की वास अख्ख्या परसभर, आणि पुन्हा जाऊन बसायची. खाली अंडं एकही नाही. बाईंनी तिचा नाद सोडवायला तिला तीन दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं, खालून वारा लागला की ऊब मोडते म्हणून. चौथ्या दिवशी सोडली तर काळी सरळ जाऊन रिकाम्या जागेवर बसली.

"बसू दे बिचारीला," सून म्हणाली. "एवढा हट्ट आहे तर होऊ दे तिच्या मनासारखं."

बाईंनी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. सातव्या दिवशी बाईंनी अंधाऱ्या न्हाणीघरात टॉर्चवर धरून बघितली. दोन स्वच्छ, आत काहीच नाही, ती काढून टाकली. उरलेल्यांत लाल कोळ्यासारख्या शिरा पसरल्या होत्या. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली, एक टरफलातच मेलं. चार दिवस काळीला आणि पिल्लांना डालग्याखाली, मोठ्या पालथ्या टोपलीखाली, वेगळं ठेवलं, कारण बाकीच्या कोंबड्या पिल्लांना टोचायच्या. मग डालगं उचललं. काळी परसात आली ती साम्राज्य मिळवल्यासारखी, आणि मागे आठ पिवळट, करडे गोळे.

पिल्लं नऊ दिवसांची झाली त्या दुपारी बाईंनी मोजली तर सात.

तिने पुन्हा मोजली. मग काळीला उठवून पोटाखाली बघितलं. सातच. घार म्हणावी तर कोंबड्याने तो लांब सूर काढलेला नव्हता, आणि तिच्या कानावरून तो गेला नसता. मांजराचाही आवाज नाही. पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. पिल्लू होतं आणि नव्हतं.

काळीचं वागणं मात्र तिला चमत्कारिक वाटलं. पिल्लू गेलं की कोंबडी थोडा वेळ सैरभैर होते, ओरडते, मग उरलेल्यांत रमते. काळी ओरडली नाही. ती सातही पिल्लं घेऊन तारेच्या पलीकडच्या खांबापाशी गेली, जिथे गवताचा एक झुबका सोडला तर नुसती माती होती, आणि मान तिरकी करून मातीकडे बघत हळूच बोलली. कुक्, कुक्. किडा सापडल्यावर पिल्लांना बोलवायचा तो आवाज. मग गप्प. मग पुन्हा कुक्, कुक्. पुन्हा गप्प.

बाई पायरीवर बसून बघत होती. बघता बघता तिच्या अंगावर सरसरून काटा आला. का, ते तिला लगेच कळलं नाही. तीस वर्षं तिने माणसांची अर्धी संभाषणं ऐकली होती. एका बाजूचं बोलणं आणि मधली शांतता. रिकामी शांतता कशी असते आणि पलीकडचा बोलत असताना अलीकडचा ऐकतोय ती शांतता कशी असते, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

काळी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सून आत मशीनवर असताना, बाई खांबापाशी गेली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून गुडघे टेकले, डाव्या कानातलं यंत्र काढून गाऊनच्या खिशात ठेवलं आणि उजवा कान जमिनीला लावला. माती तापलेली होती. आधी तिला स्वतःच्या रक्ताची धडधड ऐकू आली. ती निवळायची तिने वाट बघितली, जशी लाइन साफ व्हायची बघायची. मग फार खालून, फार बारीक, च्यूं, च्यूं.

पिल्लू. तिने श्वास रोखला. पिल्लू ओरडत नव्हतं. हरवलेलं, गारठलेलं पिल्लू कर्कश ओरडतं, थांबत नाही. हे मधूनमधून, समाधानाने, झोपेत बोलल्यासारखं करत होतं, पोटाखाली घेतलेलं पिल्लू करतं तसं. आणि त्याच्याही खाली आणखी एक आवाज होता. जाड, घोगरा, अगदी सावकाश. क्लुक्. क्लुक्.

शेजारी उभ्या असलेल्या काळीने अजून चोच उघडली नव्हती.

"आई! अहो आई!" सून ओरडत आली. "काय झालं? पडलात? चक्कर आली का?"

"अगं, हळू. खाली पिल्लू आहे."

"खाली म्हणजे?"

"जमिनीखाली. आणि कोणीतरी आहे त्याच्यासोबत. तू कान लाव बघू."

सुनेने सासूच्या मातीने माखलेल्या गालाकडे बघितलं. तिने कान लावला, सासूचं मन राखायचं म्हणून. तिला काही ऐकू आलं नाही. येणार तरी कसं. सकाळपासून मशीनची खडखड तिच्या डोक्यात बसलेली होती. तिने सासूला धरून उठवलं, आत नेलं, चहा दिला आणि माजघरात जाऊन नवऱ्याला फोन लावला. तिला वाटलं ती हळू बोलतेय.

"नाही हो, एकदम चांगल्या आहेत तशा... हो, जमिनीला कान लावून... अहो मी काय सांगतेय, म्हणतात खाली कोणीतरी आहे... एकट्याच बसतात ना दुपारभर..."

बाईंनी चहा तसाच ठेवला. लोकांना ऐकू येत नाही म्हणून आपल्याला येतंय ते खोटं असं तिने कधी मानलं नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिला स्वतःच्या कानाची शंका आली, आणि ती शंका तिला त्या आवाजापेक्षा भयंकर वाटली. तिसऱ्या दिवशी ती निमूटपणे सुनेबरोबर यंत्राच्या दुकानात जाऊन आली. दुकानदाराने यंत्र उघडलं, फुंकलं, तपासलं. म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. ती म्हणाली, "अहो, ऐकलं तेव्हा ते माझ्या खिशात होतं." सून दुकानदाराकडे बघून ओशाळं हसली.

चौथ्या दिवशी बाईंनी पायरीवर ठाण मांडलं. सात पिल्लांवरून नजर हलवायची नाही असं ठरवून. ऊन टळटळीत होतं, बाकीच्या कोंबड्या लिंबाखाली धुळीत पाय पसरून पडल्या होत्या. काळी आपल्या नेहमीच्या जागी गेली आणि बोलू लागली. एक करडं पिल्लू गवताच्या झुबक्यामागे गेलं. बाई मनात मोजत राहिली. दहा, वीस, तीस. ते पलीकडून बाहेर आलं नाही.

ती उठली आणि गवत बाजूला केलं. खांबाच्या बुडाशी, लोखंड आणि माती यांच्यामध्ये, मोठ्या लिंबाएवढं भोक होतं. कडा गुळगुळीत, आत काळोख. तिने भोकावर तळहात धरला. चटके बसणाऱ्या उन्हात तिच्या हाताला गार वारा लागला, थांबून थांबून येणारा, ओल्या दगडाचा वास असलेला.

तिने एक खडा उचलला आणि आत टाकला. कान टवकारले.

काही नाही. तिने मान वर केली, आणि तेव्हा, आपण विसरून जावं इतक्या उशिरा, खालून आलं: डुब्.

बाई जिथे होती तिथेच गोठली. मग न उठता, हातापायांवर, आल्या वाटेने मागे सरकत सरकत लिंबापर्यंत आली. तिथे तिने झाडाला धरून उभं राहायचं धाडस केलं.

घर घेतलं तेव्हा तिचे हे म्हणाले होते की इथे पूर्वी विहीर होती, ती मालकाने बुजवून दिलीय. कुठे, ते कोणी विचारलं नव्हतं. पुढच्या ओट्याखाली असेल असं तिने आपलं धरलं होतं. आता विचारायला एकच माणूस उरला होता. गल्लीच्या तोंडाशी राहणारे गवंडीकाका, पंचाहत्तरीचे, गल्लीतल्या अर्ध्या भिंती त्यांच्या हातच्या. बाई चपला न घालताच निघाली. जाताना तिने खिडकीतून बघितलं; नात, जिला सगळे भिंगरी म्हणत, पलंगावर झोपली होती, सून मशीनवर वाकलेली. परसात जाऊ नका एवढंच ती सुनेला म्हणाली, आणि मशीनच्या आवाजात ते सुनेने ऐकलं नाही.

गवंडीकाका दारात खुर्ची टाकून बसले होते.

"काका, आमच्या घराची जुनी विहीर कुठे होती हो?"

काकांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं तिने बघितलं. खुर्चीचे हात धरून ते अर्धवट उठले.

"बाई, परसात आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही. कोंबड्या. नात झोपलीय."

"झोपलीय ना? बघितलंत?" ते उठून चालायलाच लागले. "कपड्यांची तार आहे ना, तिच्या पलीकडच्या खांबापाशी. बुजवली नाही ती. भरायला मुरूम आलाच नाही. नुसत्या फळ्या टाकल्या, वर पत्रा, वर हातभर माती. मी टाकल्या. या हातांनी."

तिला तेव्हा उमगलं की गेल्या तीस वर्षांत हा माणूस शंभरदा पुढच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेला होता, आणि कितीही आग्रह केला तरी एकदाही परसात आला नव्हता.

ते दोघं परसाच्या दाराशी पोचले. भिंगरी उठली होती. मागचं दार ढकलून बाहेर आली होती आणि तारेपलीकडे, पिल्लांच्या मागे, दोन्ही हात पुढे करून चालली होती. तिच्या आणि खांबाच्या मधे काळी उभी होती. पंख जमिनीला टेकलेले, मानेवरचं पीस न् पीस उभं, अंगाने दुप्पट झालेली. पोरीने पाऊल उचललं की काळी झेप घेऊन तिच्या नडगीवर चोच मारत होती. पोरगी एक पाऊल मागे जायची, रडायची, आणि हट्टाने पुन्हा पुढे यायची. पायावरून रक्ताची रेघ उतरली होती.

"मेली कोंबडी!" आतून सून धावत आली, हातात कापड मोजायची लाकडी पट्टी. "फोडून टाकते तुला!"

"जागेवर थांब!"

तो आवाज बाईंनी दहा वर्षांत काढला नव्हता. एक्सचेंजमध्ये आगीची, अपघाताची लाइन आली की सगळ्या बोर्डांवरच्या मुली ज्या आवाजाला गप्प व्हायच्या, तो. सून तारेखाली एक पाय उचललेला तशी थांबली. भिंगरीसुद्धा रडायची थांबली.

"पाय मागे घे. तिथेच खाली टेकू नकोस, मागे घे. शाबास. काळीला काही करू नकोस. भिंगरे, आजीकडे बघ. कोंबडी चावते की नाही? मग तिच्याकडे पाठ कर आणि आजीकडे ये. पळायचं नाही. मांजरासारखं, पाय न वाजवता."

भिंगरी आली. बाईंनी तिला उचललं आणि ती पोरीला घेऊन तिथेच पायरीवर बसली. काळी अजून तशीच उभी होती. तिच्या मागे खांब, कोणी हात लावला नसताना, अगदी थोडासा कलला.

सुनेला सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ऐकून झाल्यावर ती पट्टी खाली ठेवून सासूच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या दंडाला घट्ट धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आला आणि विहिरींची कामं करणारा एक माणूस त्याचे दोन गडी घेऊन आला. सगळे त्याला विहिरीवाला म्हणत होते. सडपातळ, मितभाषी, पोटाला दोर बांधायची सवय असलेला. त्याने शिड्या आडव्या टाकून त्यांच्यावरून सरकत माती काढली. पत्रा चाळणीसारखा झाला होता. फळ्यांपैकी दोन हाताने चुरा झाल्या. त्यांच्यावर, बाईंच्या लक्षात आलं, ती गेली तीस वर्षं चादरी वाळत घालत होती. नवरा होता तेव्हा उन्हाळ्यात तिथे खाट टाकून झोपायचा.

तोंड उघडं झालं. बांधीव, गोल, खोल. खाली पाण्याचा एक काळा डोळा. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली आतल्या बाजूला एक कोनाडा होता, आणि वरून घसरलेल्या मातीचा उतार थेट त्या कोनाड्यात गेला होता.

"पिल्लं तिथेच असणार," विहिरीवाला म्हणाला. "जिवंत असतील असं नाही सांगत. कालचं असेल एखादे वेळेस. आधीचं तर चार रात्री झाल्या. या गारव्यात कोंबडीशिवाय एक रात्र निघत नाही."

तो दोरावरून उतरला, गळ्यात टोपली अडकवून. काळी काठापासून पाच हातांवर उभी होती, बाकीची सहा पिल्लं पोटाशी घेऊन. ती बोलली नाही. गवंडीकाका परसाच्या दारातून आत आले नव्हते. चौकटीला टेकून उभे होते.

आतून विहिरीवाल्याचा आवाज आला. "दोन्ही आहेत." मग, "बाई, तुमच्यात तांबडी कोंबडी आहे का कोणी?"

"नाही. एक काळी, दोन पांढऱ्या, एक करडी. का?"

विहिरीवाला वर आला तेव्हा त्याने आधी टोपली काठावर ठेवली. दोन पिल्लं, टुणटुणीत. बाईंनी पहिलं हातात घेतलं. ते गार असायला हवं होतं. ते कोरडं होतं आणि गरम होतं, आत्ता पंखाखालून काढल्यासारखं, आणि पेंगुळलेलं.

"कोनाड्यात खळगा आहे," विहिरीवाला हात पुसत म्हणाला. "कोंबडी करते तसा, वाटीसारखा. त्यात जुनी अंडी आहेत. वाळलेली, कागदासारखी हलकी. आणि त्यांच्यावर कोंबडीची हाडं. अंगाखाली अंडी घेऊन बसलेली तशीच. थोडी तांबडी पिसं राहिलीत अजून. ही पिल्लं त्या हाडांत बसली होती. मी वीस वर्षं विहिरींत उतरतोय बाई, मला भीतीबीती वाटत नाही." त्याने उजवा हात पुन्हा पुसला. "मी खळग्यात हात घातला तर तो गरम लागला."

कोणी काही बोलायच्या आत दारातून गवंडीकाकांचं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"मला आवाज आला होता," ते म्हणाले. "फळ्या टाकताना. आतून. जुन्या मालकाची तांबडी खुडूक होती, सांदीच्या दगडांवरून उड्या मारत खाली जायची आणि तिथे बसायची. रोज दुपारी दाण्याला वर यायची. मी म्हटलं, मालक, दुपारपर्यंत थांबू, ती येऊ दे. तो म्हणाला, उद्या गिऱ्हाईक घर बघायला येतंय, आटप. एका कोंबडीपायी काम अडवतोस का. मी आटपलं." त्यांनी बाईंकडे बघितलं. "गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही."

बाईंना तो दिवस आठवला. त्या दोघांनी घर बघितलं ती दुपार. हे पुढच्या खोलीत मालकाशी बोलत होते आणि ती एकटी मागच्या पायरीवर आली होती. नवी माती सारवलेली होती. कुठेतरी कोंबडी बोलत होती, जाड, घोगऱ्या आवाजात, अगदी जवळ आणि तरी लांब, जशी तिच्या बोर्डवर खराब झालेली लाइन यायची. मालक मागून आला तेव्हा तिने विचारलं होतं, "तुम्ही कोंबड्या पाळता?" तो म्हणाला होता, "छे, शेजारच्या आहेत." शेजारी तेव्हा घरच नव्हतं, मोकळी जागा होती. हे तिने त्याच दुपारी बघितलं होतं. तरी ती "अच्छा" म्हणाली होती आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे का ते बघायला आत गेली होती.

"मीही ऐकलं होतं, काका," ती म्हणाली.

तिचा मुलगा काहीतरी समजुतीचं बोलू लागला, बंद जागेत ऊब धरून राहते, मातीत किडे असतात, तेवढ्यावर पिल्लं जगली असतील. ती मान हलवत राहिली. मग विहिरीवाल्याला म्हणाली, "तुम्हाला पुन्हा उतरायला सांगणं बरं नाही. पण ते सगळं वर आणाल का? भराव टाकायच्या आधी?"

तो उतरला. दुसऱ्या टोपलीत त्याने अंडी आणली, नऊ, आणि हाडं, एका फडक्यात. त्याने फडकं बाईंच्या हातात दिलं तेव्हा त्यात वजनच नव्हतं. गवंडीकाका तीस वर्षांत पहिल्यांदा परसात पाऊल टाकून आले, लिंबाखाली बसले आणि हातानेच खड्डा करू लागले. कुदळ देऊ केली तर त्यांनी घेतली नाही.

विहीर भरायला दोन दिवस गेले. दगड, मग मुरूम, मग माती. या वेळी बाई प्रत्येक खेपेला जातीने उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी काळी भरावाच्या कडेला आली, कुक् कुक् केलं आणि मान तिरकी करून थांबली. बाई थांबली. सूनही थांबली, टोपलं डोक्यावरून न उतरवता. या खेपेची शांतता रिकामी होती, सुनेलासुद्धा ते कळलं. काळी थोडा वेळ तशीच राहिली, मग पाठ फिरवून उकिरडा उकरायला गेली.

पिल्लं वाढली. सात आठवड्यांची झाली तेव्हा काळीने त्यांना चोच मारून दूर केलं, अंडी घालायला लागली, आणि परसातलं सगळं मार्गी लागलं.

फक्त ती दोन. विहिरीतून निघालेली दोन पिल्लं त्या दिवसानंतर एकदाही काळीच्या पोटाखाली गेली नाहीत. काळीने बोलावलं, पंख उचलला, जागा केली. ती आली नाहीत. अजून अंगावर धड पिसं नव्हती तेव्हापासून ती दोघं खुराड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात वेगळी बसायची. बाईंना भीती वाटली गारठून मरतील, म्हणून तिने सलग तीन संध्याकाळी आत हात घालून बघितलं. दोन्ही गरम असायची. आणि ती एकमेकांना चिकटून बसत नसत. दोघांची तोंडं आतल्या बाजूला, अंग तिरकं झुकलेलं, टेकल्यासारखं, आणि दोघांच्या मधे बेताची एक जागा मोकळी, एका कोंबडीएवढी.

सुनेला हे बाईंनी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी सून खुराडं बंद करायला गेली आणि बराच वेळ आली नाही. बाई बघायला गेली. सून दाराशी उकिडवी बसली होती, मोजत होती. नव्या वर्षात कोंबड्या वाढून अठरा झाल्या होत्या; बोट हलवत तिने अठरापर्यंतच यायला हवं होतं.

"एकोणीस," ती हळूच म्हणाली. मग सासूकडे न बघता तिने खिशातून मूठभर दाणे काढले, ते विहिरीतून निघालेल्या, अजून तशाच वेगळ्या बसणाऱ्या त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवले, आणि दार न वाजवता लावून घेतलं.